किल्ली कोणाच्या हाती?

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतातील नामवंत क्रिप्टो एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने एकोणीसशे कोटी रुपयांहून अधिक किमतीची नाणी चोरीला गेली. लगेच पैसे काढणे बंद झाले. ग्राहकाने अ‍ॅप उघडले की त्याची नाणी पडद्यावर दिसत होती, पण ती हलवता येत नव्हती. प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेले, धनकोंचे मतदान झाले, योजना एकदा फेटाळली गेली, पुन्हा मतदान झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कुठे व्यवहार सुरू झाले. पंधरा महिने! मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून कुणी तिथे पैसे ठेवले असतील, तर त्याने पंधरा महिने कोणत्या दारात उभे राहायचे होते?

क्रिप्टो चलन घ्यावे की घेऊ नये, हा या लेखाचा विषय नाही. आपल्या वस्त्यांमधली नोकरदार मुले-मुली ते घेऊन बसली आहेत, ही वस्तुस्थिती आहे. पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणारा आहे, आखातातून पैसे पाठवणारा आहे, बँकेत कारकून असलेली भगिनीही आहे. त्यांना विचारले की नाणी कुठे ठेवली आहेत, तर उत्तर ठरलेले असते, ‘मोबाईलमध्ये आहेत ना!’ हे उत्तर चुकीचे आहे आणि या चुकीची किंमत मोठी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात हे नाणे मोबाईलमध्ये नसतेच. बिटकॉइनचा आराखडा सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २००९ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली. ती म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली एक हिशेबवही आहे. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत, एवढेच त्या वहीत लिहिलेले असते. तुमचे नाव नाही, जात नाही, आधार क्रमांक नाही. त्या पत्त्यावरची नाणी हलवायची तर एक गुप्त किल्ली लागते. ज्याच्याकडे किल्ली, त्याचाच हुकूम ती वही मानते. किल्ली हरवली म्हणून अर्ज करायला तिथे शाखा व्यवस्थापक नाही. चोराने किल्ली वापरली म्हणून नोंद उलटी फिरवणारा अधिकारीही नाही.

आता एक्सचेंजवर नाणी ठेवली म्हणजे काय होते, ते पाहा. किल्ली एक्सचेंजच्या हाती राहते. तुमच्या हाती राहते ती एक मागणी, ‘माझे एवढे देणे आहे’ एवढी. बँकेतही असेच असते, असे कुणी म्हणेल. पण बँक बुडाली तर २०२० पासून ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. क्रिप्टो एक्सचेंजला असे कोणतेही संरक्षण नाही. टोकियोतले माउंट गॉक्स हे एकेकाळचे जगातले सर्वात मोठे बिटकॉइन एक्सचेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेले. ग्राहकांना बिटकॉइनची परतफेड सुरू झाली ती जुलै २०२४ मध्ये, दहा वर्षांनी. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळले. त्याच्या संस्थापकाला अमेरिकेतील न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा सुनावली. शिक्षा झाली हे योग्यच झाले. पण मालक तुरुंगात गेला म्हणून ग्राहकाची नाणी आपोआप घरी येत नाहीत.

आपल्या देशातील कायदा याबाबत अगदीच मुका आहे असे नाही. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. २०२२ च्या वित्त कायद्याने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ अशी व्याख्या करून नफ्यावर तीस टक्के कर बसवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या अर्जावर क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्ताच्या नात्याने धारण करता येते, असे स्पष्ट केले. हा निर्णय महत्त्वाचा आहे. परंतु वीस वर्षांच्या वकिलीनंतर मी एवढे निश्चित सांगू शकतो की, हक्क असणे आणि ताबा असणे यांच्या मध्ये अनेक तारखा असतात. ज्याला तारखांचा खर्च परवडत नाही, त्याने ताबा आधी सांभाळावा.

म्हणून दीर्घकाळासाठी ठेवायची नाणी एक्सचेंजवर ठेवू नयेत, असे माझे मत आहे. त्यासाठी हार्डवेअर वॉलेट नावाचे छोटे यंत्र मिळते. पेनड्राइव्हएवढे असते आणि काही हजार रुपयांत येते. गुप्त किल्ली त्या यंत्राच्या आतच तयार होते आणि इंटरनेटवर येत नाही. व्यवहार मोबाईलवर किंवा संगणकावर मांडायचा आणि मंजुरी यंत्रावर द्यायची. मात्र मंजुरी देताना यंत्राच्या पडद्यावरचा पत्ता आणि रक्कम वाचलीच पाहिजे. वझीरएक्सच्या लुटल्या गेलेल्या वॉलेटवर एकापेक्षा अधिक जणांच्या सह्या लागत होत्या. कंपनीच्याच सांगण्यानुसार पडद्यावर दिसत होते एक आणि प्रत्यक्ष सही झाली भलत्याच गोष्टीवर. न वाचता केलेली सही खरेदीखतावर घात करते, तशीच ती इथेही करते.

यंत्र सुरू करताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवले जातात. २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात. हे शब्द आणि त्यांचा क्रम म्हणजेच तुमची संपत्ती. यंत्र फुटले, बिघडले, कंपनी बंद पडली, तरी हे शब्द दुसऱ्या सुसंगत यंत्रात भरले की नाणी परत तुमच्या ताब्यात येतात. त्याच न्यायाने हे शब्द ज्याला कळले, त्याला यंत्राची गरजच उरत नाही. म्हणून त्यांचा फोटो काढू नये, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाही पाठवू नयेत, ईमेलमध्ये ठेवू नयेत. कागदावर लिहिले तर वाळवी आहे, आग आहे, पाणी आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला किती घरांतली कागदपत्रे लगदा झाली, हे ज्यांनी पाहिले त्यांना जास्त सांगायला नको. स्टीलच्या पट्टीवर शब्द कोरून घेता येतात. ते कोरायचे स्वतःच, दुकानदाराला देऊन नव्हे. अशा दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एक घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये, किंवा गावाकडच्या विश्वासाच्या घरी. हुशारी म्हणून निम्मे शब्द एका जागी आणि निम्मे दुसऱ्या जागी ठेवू नयेत. एक तुकडा गेला की सगळेच गेले.

यंत्र निर्मात्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. डब्यात आधीच छापलेले शब्द मिळाले, तर ती फसवणूक आहे असे निःशंक समजावे. २०२० मध्ये लेजर या नामांकित कंपनीच्या सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक उघड झाले. त्यानंतर त्यातल्या काहींना टपालाने बनावट यंत्रे पाठवली गेली. किल्ल्या चोरीला गेल्या नव्हत्या. लोकांनी स्वतःहून शब्द द्यावेत म्हणून ही खटपट होती. तेव्हा कंपनीतून बोलतो म्हणणारा असो, पोलीस असो की कुणी ‘सर’ असो, शब्द विचारणारा प्रत्येक माणूस चोर आहे असेच धरून चालावे.

या ‘सरां’विषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या भागात कुणीतरी सभागृह भाड्याने घेतो, सूट घालून येतो आणि ‘तुम्हाला समजणार नाही, वॉलेट मी उघडून देतो’ म्हणतो. वॉलेट उघडले जाते आणि शब्द त्याच्या डायरीत राहतात. गेनबिटकॉइन प्रकरणात किती कुटुंबे पोळली, हे पुण्याला माहीत आहे. त्या प्रकरणात २०१८ मध्ये अटका झाल्या. पुढे मार्च २०२२ मध्ये, तपासात मदतीसाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. तपासात हाती आलेली नाणी त्यांनी परस्पर वळवल्याचा आरोप आहे. आरोप सिद्ध होईल तेव्हा होईल. पण किल्ली दुसऱ्याच्या हातात गेल्यावर कोणता प्रश्न उभा राहतो, हे समजायला निकालाची वाट पाहायची गरज नाही.

इथे कुणी म्हणेल, स्वतः किल्ली ठेवणाऱ्यांचेही नुकसान झालेच आहे. ते खरे आहे. ब्रिटनमधील न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हजारो बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचरा डेपो उकरू द्यावा म्हणून ते न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. म्हणजे एका बाजूला परका माणूस बुडवतो आणि दुसऱ्या बाजूला आपलाच निष्काळजीपणा बुडवतो. फरक इतकाच की आपला निष्काळजीपणा सुधारणे आपल्या हाती आहे. यंत्र आणल्यावर आधी अगदी थोडी रक्कम त्यावर घ्यावी, यंत्र मुद्दाम पुसून टाकावे आणि लिहिलेल्या शब्दांवरून ती रक्कम परत मिळते का ते पाहावे. ती मिळाली तरच उरलेली नाणी हलवावीत. ही तालीम न करता मोठी रक्कम हलवणे म्हणजे साकव तपासल्याशिवाय बैलगाडी घालण्यासारखे आहे.

आणि आता सर्वात दुर्लक्षित मुद्दा. दीर्घकाळ म्हणजे दहा-वीस वर्षे, आणि तेवढ्या काळात माणूस मरू शकतो. कॅनडातील क्वाड्रिगा या एक्सचेंजचा प्रमुख डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूर शहरात वारला. किल्ल्या एकट्या त्यालाच माहीत होत्या असे सांगितले गेले. पुढे ओंटारिओच्या रोखे आयोगाने तो सारा कारभारच फसवणुकीचा होता असा निष्कर्ष काढला, ही गोष्ट वेगळी. पण प्रामाणिक माणसाच्या घरीही हेच घडू शकते. माझ्याकडे एक भगिनी नवऱ्याचा मोबाईल घेऊन आल्या होत्या. नवरा गेला, मोबाईल उघडत नाही, नाणी आहेत एवढे त्यांना माहीत, कुठे आहेत ते माहीत नाही. वारस दाखला मिळवून देता येतो, पण बारा शब्द मिळवून देणारे न्यायालय जगात नाही.

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. मृत्युपत्र करावे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार त्यावर तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरेशा आहेत. अशी मालमत्ता आहे आणि ती कोणाला द्यायची, एवढे त्यात लिहावे. शब्द मात्र मृत्युपत्रात कधीही लिहू नयेत, कारण ते उद्या न्यायालयात दाखल झाले तर अनेकांच्या नजरेखालून जाईल. यंत्र कुठे आहे, स्टीलची पट्टी कुठे आहे, कोणत्या क्रमाने काय करायचे, हे साध्या मराठीत वेगळ्या बंद पाकिटात लिहून ठेवावे. आणि ज्या व्यक्तीला हे करायचे आहे, मग ती पत्नी असो, बहीण असो की सज्ञान मुलगी, तिला हयातीतच एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. घरातल्या बाईला यातले काय कळते, असे म्हणणाऱ्याने आपली पुंजी आपल्याबरोबरच जाळायचे ठरवले आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

हे सगळे प्रत्येकाने करावे असे मी म्हणत नाही. हजार-दोन हजार रुपयांची हौस असेल तर ती एक्सचेंजवर राहू द्यावी, गेली तर गेली. जी रक्कम गेल्यावर घरात चूल थंडावेल, ती मुळात या नाण्यांत असूच नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरला टेकलेले बिटकॉइन वर्षभरात सोळा हजारांवर आले होते आणि या घसरणीपासून कोणतीही तिजोरी वाचवत नाही. प्रश्न मधल्या रकमेचा आहे, जी गेल्याने घर मोडणार नाही, पण वर्षांचे कष्ट वाया जातील. ती स्वतःच्या किल्लीखाली असलीच पाहिजे. आणि किल्ली सांभाळणारे दुसरे माणूस घरात तयार करणे ज्याला जमत नाही, त्याने ती रक्कम सरळ टपाल कार्यालयात ठेवावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे नाणी आहेत त्यांनी या रविवारी एवढे करावे. आपल्या अ‍ॅपमधून नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढता येतात की नाही, ते पाहावे. काही ठिकाणी ती सोयच नसते. काढता येत नसतील तर आपण नेमके काय विकत घेतले, असा जाब विचारावा. आपल्याच वॉलेटमध्ये नाणी हलवणे म्हणजे विक्री नव्हे. तरीही खरेदीची तारीख, किंमत आणि कापलेल्या कराच्या नोंदी जपून ठेवाव्यात, आयकर विवरणपत्रात लागतात. आणि संध्याकाळी घरच्यांना एकत्र बसवून विचारावे की, ‘उद्या मी नसलो तर हे तुम्हाला मिळेल का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर नवी नाणी घेणे थांबवून आधी ते उत्तर बदलावे.