आभारप्रदर्शनाची वेळ

मराठी कार्यक्रमात आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी असतं. तोवर मागच्या रांगा उठून चपला शोधू लागलेल्या असतात आणि ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याचं नाव घेतलं जातं तेव्हा तो बिचारा वायरी गुंडाळत असतो. माणसांच्या बाबतीतही आपण हाच क्रम ठेवला आहे. एखाद्याच्या हातून काय काय चांगलं झालं, याचा नीट हिशेब पहिल्यांदा मांडला जातो तो शोकसभेत. म्हणजे ज्याला तो ऐकायचा होता, नेमका तोच नसताना. सहस्रचंद्रदर्शनाची सोय आहे म्हणा, पण त्यासाठी आधी ऐंशी ओलांडावी लागते.

जबलपूरजवळच्या भेडाघाटला आपण जातो ते संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहायला. तिथेच सापडलेल्या एका शिलालेखाचा क्रम मात्र आपल्यापेक्षा वेगळा आहे. कलचुरी संवत 907, म्हणजे इसवी सन 1155. कलचुरी घराण्यातल्या गयाकर्ण राजाची विधवा राणी अल्हणदेवी हिने मुलगा नरसिंह याच्या राजवटीत वैद्यनाथाचं देऊळ, त्याला जोडून मठ आणि व्याख्यानशाळा बांधली, त्याचा हा लेख. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी कलचुरींचे लेख संपादून 1955 साली ग्रंथरूपात आणले, त्यात तो आहे. राजघराण्याची वंशावळ, राणीच्या माहेरची थोरवी हे सगळं अपेक्षेप्रमाणे येतंच. पण शेवटाकडे प्रशस्ती रचणारा शशिधर, ती लिहून देणारा त्याचा भाऊ पृथ्वीधर, बांधकामाची आखणी करणारा सूत्रधार पीठे आणि अक्षरं कोरणारा महीधर यांचीही नावं येतात. शिळा राणीची, पुण्य राणीचं, तरी कुणी काय केलं ते वेगवेगळं सांगितलेलं. महीधराला तर आपल्या नावाची अक्षरं आपल्याच छिन्नीने कोरायला मिळाली. त्याच्या कामाची नोंद झाली तेव्हा हत्यार अजून त्याच्या हातात होतं.

यावर कुणी म्हणेल, ही तर लेखांची रीतच होती, त्यात राणीचा जिव्हाळा कुठून आला? मान्य, रीतच होती. पण रीत असण्याचाच फायदा आहे. कृतज्ञता मनात दाटून येण्याची वाट पाहावी लागत नाही. काम पुरं झालं की नाव घ्यायचं, एवढं ठरलेलं असतं. रीत आपल्याकडेही आहे, फक्त ती कामाच्या शेवटाशी न बांधता आपण माणसाच्या शेवटाशी बांधली आहे. दुसरा आक्षेप जास्त घरगुती आहे: आपल्या माणसांचे कसले आभार मानायचे, न बोलता कळतंच की! मग भाजीत मीठ कमी पडलं की तेही न बोलता कळायला हवं. ते मात्र पहिल्या घासाला बोललं जातं. शब्दांविना कळण्याचा नियम आपण फक्त कौतुकाला लावतो, तक्रारीला नाही. ‘आभार’ हा शब्द घरात परका वाटतो हे खरंच, पण तो वापरायची सक्ती कुणी केली आहे? ‘आमटी आज जमून आलीय’ एवढं पुरतं.

संकोचाचं काय, हा प्रश्न उरतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला सांगितली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाजही विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणारे कमी अवघडले आणि जास्त सुखावले. म्हणजे आपण अडून बसतो ते बहुतेक चुकीच्या अंदाजामुळे. तोंडावरची स्तुती म्हणजे खुशामत, ही भीती मात्र अगदीच खोटी नाही. खुशामत ओळखायची खूण अशी, की ती कामाबद्दल बोलत नाही. ‘तुमच्यासारखे तुम्हीच’ हे वाक्य कुणालाही चिकटतं. भेडाघाटचा लेख राणीची स्तुती करताना हात राखत नाही, पण कारागिरांकडे वळला की कुणी रचलं, कुणी लिहिलं, कुणी कोरलं हेही नेमकं सांगतो. ती नावं म्हणूनच अजून विश्वासार्ह वाटतात.

आणि नाव टिकलं म्हणून त्या कारागिरांना काही मिळालं, असंही नाही. ती शिळा एकोणिसाव्या शतकात भेडाघाटहून निघून थेट अमेरिकेला गेली. महीधराला त्याचं काय? आधीच्या अभ्यासकांनी ती वाचली, मग मिराशींनी वाचली, आज आपण वाचतो आहोत, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही. त्याला जे मिळालं ते 1155 साली, दगडाची भुकटी फुंकून त्याने आपलं नाव नीट उमटलंय का ते पाहिलं असेल तेव्हा.