द्राक्ष आपलं, मग चव दुसऱ्याने का सांगावी?

सोलापूर जिल्ह्यातल्या बागायतदाराला द्राक्षातलं फारसं शिकवावं लागत नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून लांब मण्याची 'सोनाका' निवडली आणि ती राज्यभर गेली. मणी तोंडात टाकला की गोडी किती उतरली, बेदाणा कसा पडेल, हे आपला माणूस सांगतो. पण याच मातीतल्या द्राक्षाची वाइन पुढ्यात आली की आपण गप्प! तिची पारख मुंबई-दिल्लीच्या हॉटेलातल्यांनी करायची. हे बरं नव्हे.

माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ मोटेवाडीला 'फ्रटेली'ची वायनरी आहे. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'भाऊ'. अकलूज, दिल्ली आणि इटलीतल्या भावाभावांनी मिळून ती उभी केली. तिथे 'सोव्हिन्यों ब्लां' या पांढऱ्या द्राक्षाची वाइन होते. तिची खूण म्हणजे लिंबासारखा तजेला.

ती चाखायची कशी? बाटली चांगली गार करा, पण ग्लासात बर्फ टाकू नका. ग्लास तिसरा हिस्साच भरा आणि आधी वास घ्या. लिंबाची साल, पेरू, ओलं गवत, चिरलेली हिरवी मिरची, यातलं काहीतरी नाकाला लागेल. शिरक्याचा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर माल बिघडला समजा. मग लहान घोट तोंडात फिरवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं पाहिजे. पारखी लोक घोट थुंकून टाकतात, गिळत नाहीत.

आता म्हणाल, याचा शेतकऱ्याशी काय संबंध? संबंध आहे, कारण ही आंबटाई कारखान्यात नव्हे, वेलावर तयार होते. मण्यात साखर चढते तशी आंबटाई उतरते, आणि आपल्या उन्हात ती झपाट्याने उतरते. म्हणून पहाटेच्या गारव्यात तोडणी करतात. बेदाण्याच्या सवयीने 'अजून थोडी गोडी येऊ द्या' म्हणत थांबलात, तर साखर मिळेल पण लिंबू हरवेल. घेणारा यंत्राने साखर आणि आंबटाई मोजणार. आपल्याला त्यातलं कळत नसेल, तर तो म्हणेल तो भाव.

जेवणाचंही तसंच. इंग्रजी पुस्तकं सांगतात, हिच्यासोबत शेळीच्या दुधाचं चीज खा. फ्रान्समध्ये लोआर नदीकाठी हेच द्राक्ष पिकतं आणि शेळ्याही तिथल्याच, म्हणून तो मेळ जमला. आपण आपलं ताट बघावं. नियम सोपा आहे: ज्या पदार्थावर लिंबू पिळता, त्याच्यासोबत ही वाइन चालते. उजनीचा तळलेला मासा, कोथिंबीर वडी, काकडीची कोशिंबीर. मीठ लावलेला कोवळा हुरडा तर तोडणीच्याच हंगामात येतो. मात्र काळ्या मसाल्याच्या मटणापुढे ती फिकी पडते, जळजळीत शेंगा चटणीने तोंडाची आग वाढते आणि पुरणपोळीसोबत ती नुसती आंबट लागते.

काही जण म्हणतील, हा दारूचा प्रचार झाला. वाइनमध्ये साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, हे लपवायचं कारण नाही. जो पीत नाही त्याने मुळीच सुरू करू नये. पण जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघंही शेतकऱ्याचंच नाव घेत होते. शेतकऱ्याला मात्र बोलायला त्या मालाची ओळखच नव्हती.

ओळख नसल्याची किंमत मोठी असते. 2009 नंतरच्या मंदीत नाशिककडे वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि अनेकांनी बागा उपटल्या. बारीक मण्याचं, बियांचं हे द्राक्ष खायच्या बाजारात खपत नाही. गिऱ्हाईक एकच असलं की आपली बाजू लंगडी. अशा वेळी निदान माल तरी कळायला हवा.

म्हणून मागणी साधी आहे. करार करणाऱ्या प्रत्येक वायनरीने वर्षातून एकदा बागायतदाराला चाखणीच्या टेबलावर बसवावं आणि त्याच्या बागेची वाइन त्याला दाखवावी. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांनी एक दिवसाचं शिबिर आपल्या जिल्ह्यात घ्यावं. आणि बागायतदारांनो, करारावर सही करण्याआधी तुम्हीही एवढं विचारा: माझ्या द्राक्षाची चव तुम्हाला कशी हवी आहे?