'स्पिरिट'च्या आड दडलेले प्रश्न
- विशेष प्रतिनिधी

मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, की दुसऱ्या दिवशी एक छायाचित्र हमखास प्रसिद्ध होते. गच्च भरलेली लोकल, दारात लटकणारे प्रवासी आणि खाली शहर पुन्हा धावू लागल्याची ओळ. मार्च १९९३ पासून जुलै २०११ पर्यंत या शहराने जे मोठे आघात सोसले, त्यानंतर नेत्यांच्या निवेदनांत आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'मुंबई स्पिरिट'चा जयघोष होत राहिला. सामान्य मुंबईकराच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र, या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात. हल्ल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतील मदत, दुसऱ्या दिवशी कामावर जाणे आणि पुढच्या काही महिन्यांत पडणारा विसर. यातील पहिली गोष्ट निःसंशय गौरवास्पद आहे, दुसरी बव्हंशी अपरिहार्य आहे आणि तिसरी या शहराला महागात पडली आहे.

पहिले काही तास

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास पश्चिम रेल्वेवरील लोकलमध्ये अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माहीमपासून मीरा रोडपर्यंत प्रथम वर्गाच्या डब्यांच्या चिंधड्या उडाल्या. १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले आणि आठशेहून अधिक जखमी झाले. वेळ ऐन गर्दीची, मोबाइल यंत्रणा कोलमडलेली आणि रस्ते तुंबलेले. अशा वेळी जखमींपर्यंत आधी पोहोचले ते रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवासी आणि त्याच गाडीतील सहप्रवासी. घरातील चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना बाहेर काढले आणि मिळेल त्या वाहनातून रुग्णालय गाठले. रक्त देण्यासाठी लोक रुग्णालयांत जमले. पायी घरी निघालेल्यांना रस्त्याकडेच्या रहिवाशांनी पाणी आणि बिस्किटे दिली. आदल्याच वर्षी, २६ जुलै २००५ च्या महापुरातही हेच दृश्य दिसले होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर समोर उभे असतानाही हीच वृत्ती दिसली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असताना तेथील उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर पडण्याच्या सूचना दिल्या. कामा रुग्णालयातील परिचारिकांनी रुग्ण महिलांना आडोशाला हलविले. ताजमधील कर्मचारी पाहुण्यांना बाहेर काढताना स्वतः बळी पडले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी अंगावर गोळ्या झेलत धरून ठेवली. यांतील कोणालाही अशा प्रसंगाचे खास प्रशिक्षण नव्हते.

मदतीइतकाच महत्त्वाचा ठरला तो संयम. १२ मार्च १९९३ रोजी बारा ठिकाणी स्फोट होऊन २५७ जणांचा बळी गेला. डिसेंबर आणि जानेवारीतील दंगलींच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. पुन्हा दंगल उसळेल ही भीती इतकी खरी होती, की तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी मशीद बंदर या मुस्लिमबहुल भागातही स्फोट झाल्याचे मुद्दाम सांगितले. ही कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली. दंगल उसळली नाही. २००८ मध्ये ठार झालेल्या नऊ दहशतवाद्यांच्या दफनासाठी मरिन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास तेथील मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. शहरात फूट पाडण्याचा डाव अशा निर्णयांनी अधिक परिणामकारकपणे उधळला गेला.

दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशीच्या गर्दीचा अर्थ लावताना मात्र सावध राहायला हवे. २००६ मध्ये दररोज साठ लाखांहून अधिक प्रवासी उपनगरी गाड्यांवर अवलंबून होते. विरारहून चर्चगेटला वेळेत पोहोचवणारे दुसरे परवडणारे साधन त्यांच्यापाशी नव्हते. रोजंदारीवरचा कामगार, दुकानातील नोकर, घरकाम करणारी महिला, फेरीवाला यांचा एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची कमाई बुडते. कार्यालयीन कर्मचाऱ्यालाही रजेचा हिशेब असतोच. तेव्हा १२ जुलैच्या सकाळी लोकलमध्ये चढलेला प्रत्येक जण दहशतवादाला उत्तर देण्यासाठी निघाला होता, असे म्हणणे म्हणजे त्याच्या अगतिकतेवर शौर्याचा मुलामा चढविणे होय.

नेहमीचा दिनक्रम भीतीवर मात करायला मदत करतो, हेही खरे. तथापि, बाकाखालच्या बेवारशी पिशवीकडे पाहून धडधडणारे काळीज, घरी पोहोचल्याचा दूरध्वनी येईपर्यंत जागे राहणारे कुटुंबीय, विशिष्ट आडनावामुळे शेजाऱ्यांच्या नजरेत उमटणारा संशय, या प्रतिक्रियाही तितक्याच खऱ्या असतात. 'स्पिरिट'च्या गजरात त्यांची नोंद होत नाही. जखमी झालेल्यांच्या दीर्घ उपचारांची, गेलेल्या नोकऱ्यांची आणि मनावर राहिलेल्या ओरखड्यांची नोंद तर त्याहूनही कमी होते. शहर सावरले असे एकदा जाहीर झाले, की जे सावरलेले नाहीत त्यांच्याकडे पाहण्याची निकड उरत नाही.

संताप आणि विसर

२००८ मध्ये प्रथमच या कौतुकाला उघड विरोध झाला. ३ डिसेंबर रोजी गेटवे ऑफ इंडियापाशी हजारो नागरिक जमले. मेणबत्त्यांसोबत राजकारण्यांविरुद्धच्या घोषणाही तेथे होत्या. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांना पायउतार व्हावे लागले. लोकलमधील स्फोटांनंतर मात्र एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नव्हता. २००८ चा हल्ला साठ तास चालला, दूरचित्रवाणीवर थेट दिसला आणि १६६ जणांचे बळी घेऊन गेला, हे त्याचे एक कारण. पंचतारांकित हॉटेलांत जाणारा वर्ग या वेळी लक्ष्य झाला, हे दुसरे. सीएसटीवर पन्नासहून अधिक जण मारले गेले. पण कॅमेरे प्रामुख्याने ताज आणि ट्रायडंटसमोर होते.

हा संतापही टिकला नाही. ३० एप्रिल २००९ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले, तेव्हा गेटवे ज्या मतदारसंघात येते त्या दक्षिण मुंबईत जेमतेम ४० टक्के मतदान झाले. मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र आले, 'फोर्स वन' उभे राहिले आणि राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली. परंतु शहरभर सीसीटीव्ही बसविण्याचा प्रकल्प कार्यान्वित व्हायला २०१६ उजाडले. मधल्या काळात, १३ जुलै २०११ रोजी, झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर येथे पुन्हा स्फोट झाले.

येथे माद्रिदचे उदाहरण बोलके आहे. ११ मार्च २००४ रोजी तेथील चार उपनगरी गाड्यांत दहा बॉम्ब फुटले आणि १९० हून अधिक जण ठार झाले. दुसऱ्याच दिवशी स्पेनभर लाखो लोक रस्त्यावर उतरले. हल्ल्यामागे बास्क फुटीरवादी असल्याचा दावा सरकार रेटत आहे, हे दिसताच नागरिकांनी सत्य काय, असा जाब विचारला. तीन दिवसांनी झालेल्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष पराभूत झाला. खटल्याचा निकाल ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांत लागला.

मुंबईच्या लोकल स्फोटांचा पहिला निकाल लागण्यास नऊ वर्षे लागली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले. त्यांपैकी पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरविले. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. एकोणीस वर्षांनंतर, मग स्फोट केले कोणी, हा प्रश्न मृतांच्या नातेवाइकांसमोर पुन्हा उभा राहिला. इतकी वर्षे तुरुंगात काढलेल्यांचाही स्वतंत्र प्रश्न आहे. दोन्ही प्रश्नांवर शहरात काही दिवस चर्चा झाली आणि मागे पडली.

सामान्य माणसाने हल्ल्याला कसे तोंड द्यावे, हे मुंबईकरांना शिकविण्याची गरज नाही. पहिला मदतगार नागरिकच असतो, हे ध्यानात घेऊन स्थानकांलगतच्या वस्त्यांना प्रथमोपचाराचे शिक्षण, हाताशी राहतील अशी स्ट्रेचर आणि जखमींना विनाविलंब रुग्णालयात नेण्याची व्यवस्था देणे हे शासनाचे काम आहे. तपास पूर्ण झाला का, चौकशी समित्यांच्या शिफारशींचे काय झाले, जखमींना शेवटपर्यंत मदत मिळाली का, हे विचारत राहणे मात्र नागरिकांच्याच हाती आहे. जुलै आणि नोव्हेंबरमधील स्मृतिदिनी पुष्पचक्रांसोबत या प्रश्नांची उत्तरेही मागितली गेली पाहिजेत.