निरोपाचा चित्रपट कुणाचा?
दहा चित्रपट करून थांबणार, असं क्वेंटिन टॅरँटिनोनं स्वतःच जाहीर केलंय. ‘किल बिल’चे दोन भाग तो एकच धरतो, म्हणून ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलीवूड’ (२०१९) नववा. दहाव्यासाठी मध्यंतरी ‘स्टार ट्रेक’चं नाव चर्चेत होतं, ते बारगळलं. बरंच झालं! मालिकापटांचं मला वावडं नाही. जॉर्ज मिलरनं सत्तरीत ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ केला आणि त्या चित्रपटानं ६ ऑस्कर पटकावली. पण मॅड मॅक्सचं जग १९७९पासून मिलरचंच होतं. ‘स्टार ट्रेक’मध्ये पात्रं, नियम, चाहत्यांचे हट्ट, सगळं आधीच ठरलेलं. टॅरँटिनोनं तो प्रयोग पाचव्या-सहाव्या चित्रपटाला खुशाल करायचा होता. निरोप मात्र स्वतःच्याच गोष्टीनं घ्यावा.