रस्ता नसलेल्या मुलखातील शर्यती

रस्ता सोडून चिखल, ओढे आणि दगडगोटे यांतून जीपगाड्या व मोटारसायकली हाकण्याच्या शर्यतींचे समर्थन करताना एक युक्तिवाद हटकून पुढे केला जातो. या शर्यती म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे, सैनिकी प्रशिक्षणाचेच ते एक अंग आहे, असा तो युक्तिवाद. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी फार्महाउस आणि रिसॉर्ट यांचा जो पट्टा पसरला आहे तेथे या छंदाला आता बरकत आली आहे. तेव्हा हा युक्तिवाद एकदा तपासून घेतलेला बरा.

त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सैन्याने निरोप पोहोचविण्याच्या कामासाठी स्वतःची मोटारसायकल असलेल्या हौशी तरुणांनाच भरती केले. १९१३ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल चाचणीत पुढे सैनिकी संघही उतरू लागले. ऑगस्ट १९३९ मध्ये ती साल्झबर्गला झाली. यजमानपद नाझी पक्षाच्या मोटार संघटनेकडे होते. युद्धाची चाहूल लागताच ब्रिटिश स्पर्धकांना चाचणी अर्धवट सोडून परतावे लागले आणि १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. याच नाझी संघटनेने क्रीडेच्या नावाखाली जर्मन सैन्यासाठी चालक तयार केले होते. १९५१ साली स्थापन झालेल्या सोव्हिएत ‘दोसाफ’ने हेच काम उघडपणे, राज्याच्या खर्चाने आणि कामगारांच्या मुलांसाठी केले. तेव्हा कौशल्य खरे आहे. ते कोणाच्या हाती जाते आणि कशासाठी, हा वादाचा मुद्दा आहे.

शर्यतीतून काय शिकावयाचे, हे तिच्या नियमांवर अवलंबून असते, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. सहा दिवसांच्या त्या चाचणीत बिघडलेले यंत्र स्वाराने स्वतः, जवळच्या हत्यारांनिशी दुरुस्त करावे, बाहेरच्या मदतीस हात लावू नये, असा दंडक होता. यंत्राच्या प्रमुख भागांवर खुणा केलेल्या असत, म्हणजे ते गुपचूप बदलता येत नसत. सैनिकाला नेमके हेच लागते. उतारावर ब्रेकवर भिस्त न ठेवता खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने गाडी सावरणे, दलदलीत टायरमधील हवा कमी करून पकड वाढविणे, ओढ्यात चाक घालण्यापूर्वी पायी उतरून खोली आणि तळ अजमावणे, ही त्याची विद्या. गाडी आणि तिच्यातील माणसे धडपणे पोहोचली पाहिजेत. चार मिनिटे आधी पोहोचल्याचे बक्षीस रणांगणावर मिळत नाही. ज्या शर्यतीत मागून सुट्या भागांची गाडी आणि पगारी मेकॅनिक येतात, त्या शर्यतीत फार तर धाडस शिकता येते.

आपल्याकडे तर ओघ उलटाच आहे. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात लष्करासाठी बनलेल्या जोंगा गाड्या, पुढे लष्कराने वापरलेल्या जिप्सी, या लिलावात निघाल्या आणि हौशी मंडळींच्या दारात गेल्या. १९८० साली हिमालयन रॅली मुंबईहून निघाली. १९९९ पासून ‘रेड द हिमालया’त लष्कराचे संघही उतरत आले. लडाखच्या उंचीवर गाडी चालविण्याचा सराव जवानाला हवाच. त्याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. पण त्या सरावाचे पुण्य कर्जतच्या एखाद्या ओढ्यात रविवारी जीप घालणाऱ्या शहरी धनिकाच्या पदरात कसे पडते?

या दोन तालुक्यांत रस्ता नसणे हा कोणाचा खेळ नाही. ठाकर-कातकऱ्यांच्या कित्येक वाड्यांतून आजारी माणूस झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. द्रुतगती महामार्ग याच तालुक्यातून जातो, परंतु वाडीपर्यंत एकही यंत्र चढू शकले नाही. बचाव दलाचे जवान पावसात पायवाटेने वर गेले आणि फावड्या-कुदळींनी माती उपसत राहिले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोध थांबविण्यात आला. वाहन जेथवर जाते तेथवर सामान पोहोचविणारे आणि पुढची वाट जाणणारे तरबेज स्थानिक तरुण अशा वेळी किती मोलाचे ठरतील, हे निराळे सांगावयास नको. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याला याच डोंगरांनी आसरा दिला तो इथल्या माणसांना वाटा ठाऊक होत्या म्हणून.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर येथे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा आहे. ओढ्याचे पात्र फुटते, गुरांची वाट चाकोऱ्यांनी उखडते, पाणवठा गढूळ होतो. यांतले काहीही शर्यतीच्या प्रवेशशुल्कात धरलेले नसते. दुसरीकडे सरकार स्वतःच घडविलेले कौशल्य वाऱ्यावर सोडते. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर फार तर चौथा हिस्सा जवान कायम राहावयाचे आहेत, उरलेले घरी. डोंगरात अवजड गाडी निभावणारा चालक चार वर्षांत कोठे तयार होऊ लागतो, आणि तेवढ्यात त्याची रवानगी एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावर. शेतकऱ्याच्या या मुलाला सैनिकी प्रशिक्षणाचे गोडवे गाणाऱ्या शर्यतवाल्यांनी तरी कधी विचारले आहे काय?

शर्यती हे खरोखरच प्रशिक्षण असेल, तर त्यांना प्रशिक्षणाचे नियम लावावेत. ज्या गावाच्या शिवारात त्या भरतात त्याच्या ग्रामसभेची संमती आधी घ्यावी. वनहक्क कायद्याखाली जेथे सामूहिक हक्क मिळाले आहेत तेथे तर ती टाळताच येणार नाही. नुकसानीची अनामत आगाऊ ठेवावी. परत आलेल्या जवानांना शिक्षक नेमून होमगार्ड, रुग्णवाहिकांचे चालक आणि वाड्यावाड्यांतील तरुण यांचे वर्ग पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी सरकारी खर्चाने चालवावेत. आणि या वाड्यांना आधी बारमाही रस्ता द्यावा. रस्ता झाल्यामुळे शर्यतीची एखादी जागा कमी झाली, तर हौशी मंडळींनी ती दुसरीकडे शोधावी.