फुकटच्या सौद्याची किंमत

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मुंबईच्या दोन्ही शेअरबाजारांनी आपल्या व्यवहार शुल्काचे कोष्टक बदलले. बदल दिसावयास लहान आहे. लाख रुपयांच्या उलाढालीमागे कोठे काही पैसे कमी झाले, कोठे काही रुपये. महिन्याच्या पगारातून चार पैसे मागे टाकणाऱ्या नाशिकच्या शिक्षकाने किंवा कारकुनाने त्याकडे लक्ष द्यावे असे त्यात काय आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु या लहान बदलामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. गेली काही वर्षे आपल्याला जी सेवा ‘फुकट’ म्हणून मिळत होती, तिचे पैसे कोण भरत होते? आणि यापुढे ते कोण भरणार?

प्रथम जुनी व्यवस्था समजून घेतली पाहिजे. शेअरबाजार स्वतः शेअर विकत घेत नाही आणि विकतही नाही. खरेदीदार व विक्रेता यांची गाठ घालून देणे आणि सौद्याची नोंद ठेवणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल तो शुल्क घेतो. हे शुल्क तो दलालाकडून घेतो व दलाल ते गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. १ ऑक्टोबरपूर्वी शुल्काचे दर टप्पेवार होते. ज्या दलालाची महिन्याची उलाढाल मोठी, त्याला दर कमी. ज्याची लहान, त्याला जास्त. राष्ट्रीय शेअरबाजारात ऑप्शनच्या सौद्यांसाठी वरच्या टप्प्याचा दर प्रीमियमच्या लाख रुपयांमागे ४९ रुपये ५० पैसे होता. (ठराविक तारखेला ठराविक भावाने सौदा करण्याचा हक्क म्हणजे ऑप्शन, आणि त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम.) मोठे दलाल गिऱ्हाइकाकडून या वरच्या दराने रोजच्या रोज आकारणी करीत. शेअरबाजाराशी त्यांचा हिशोब मात्र महिनाअखेरीस, साऱ्या गिऱ्हाइकांची उलाढाल एकत्र धरून, सवलतीच्या दराने होई. मधले अंतर दलालाच्या पेढीत जमा होत असे. गिऱ्हाइकाच्या हातातील कागदावर मात्र ती सारी रक्कम शेअरबाजाराचे शुल्क म्हणूनच लिहिलेली असे.

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, १ जुलै २०२४ रोजी परिपत्रक काढून या प्रथेस पूर्णविराम दिला. डब्यावर जे नाव, तेच डब्यात असले पाहिजे, हे त्या परिपत्रकाचे सूत्र होते. गिऱ्हाइकाकडून ज्या नावाने जेवढे पैसे घ्यावयाचे, तेवढेच त्या नावाच्या धन्याकडे पोचले पाहिजेत. आणि उलाढाल मोठी असो वा लहान, सर्व दलालांना दर एकच असला पाहिजे. त्यानुसार राष्ट्रीय शेअरबाजाराने ऑप्शनसाठी लाखाच्या प्रीमियममागे ३५ रुपये ३ पैसे आणि शेअरांच्या रोख खरेदी-विक्रीसाठी लाखामागे २ रुपये ९७ पैसे असे एकच दर ठरविले. मुंबई शेअरबाजारानेही सेन्सेक्स व बँकेक्स या निर्देशांकांच्या ऑप्शनसाठी कोटीच्या प्रीमियममागे ३,२५० रुपये हा एकच दर ठेवला.

नाशिक जिल्ह्याला हा वाद अनोळखी वाटण्याचे कारण नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांदा विकून परतणारा निफाड तालुक्यातील शेतकरी हिशोबपट्टीतील एकेक कपात बोट ठेवून वाचतो. अडत, हमाली, तोलाई, वाराई या शब्दांमागे किती संघर्ष उभा आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा जिल्ह्यातील कांद्याचे लिलाव विस्कळीत झाले. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरून लिलाव पुन्हा बंद पडले. कपातीचे नाव काय, ती कोणाच्या नावाने होते आणि शेवटी कोणाच्या हाती पडते, हे तीन प्रश्न शेतकरी विचारतो. शेअरबाजारात पैसे घालणारा सुशिक्षित पगारदार मात्र काँट्रॅक्ट नोटवरील बारीक अक्षरांतील आकारणी क्वचितच वाचतो. दलाली शून्य आहे एवढे एकदा पाहिले की त्याचे समाधान होते.

सवलतीच्या बाजूनेही बोलण्यासारखे काही होते, हे मान्य केले पाहिजे. घाऊक घेणाऱ्यास भाव कमी, ही व्यापारातील जुनी रीत आहे. मोठा दलाल बाजाराकडे अधिक सौदे आणतो, मग त्याला सूट मिळाली तर बिघडले कोठे, असा युक्तिवाद केला जातो. पण येथे दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक म्हणजे शेअरबाजार हे किराणा मालाचे दुकान नव्हे. तेथे सर्वांस समान वाट मिळाली पाहिजे. ज्या संस्थेवर दलालांवर देखरेख ठेवण्याचे पहिले कर्तव्य आहे, तिनेच मोठ्या दलालास झुकते माप द्यावे हे तिच्या पदाला शोभत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. घाऊक सूट मिळविण्यासाठी किराणा दुकानदार कोणाला गरजेपेक्षा अधिक साखर खावयास लावीत नाही. दलालाला मात्र या सुटीमुळे गिऱ्हाइकाने शक्य तितके अधिक सौदे करावेत यात दुहेरी हित निर्माण झाले होते. प्रत्येक सौद्यावर दलाली मिळे, आणि वाढत्या उलाढालीबरोबर सूटही वाढे.

ही सूट किती मोठी होती, याची कल्पना झिरोधा या दलाली पेढीचे संस्थापक नितीन कामत यांनी जुलै २०२४ मध्ये जाहीरपणे दिली. त्यांच्या पेढीच्या उत्पन्नात या रकमेचा वाटा सुमारे १० टक्के, तर इतर दलालांच्या बाबतीत तो १० ते ५० टक्के असल्याचे त्यांनी सांगितले. त्याबरोबर त्यांनी आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली. शेअर विकत घेऊन ठेवणाऱ्या गुंतवणूकदाराकडून त्यांची पेढी दलाली घेत नव्हती, ते वायदे व ऑप्शन यांच्या सौद्यांतून होणाऱ्या कमाईच्या बळावर.

आमच्या मते साऱ्या प्रकरणाची मेख येथेच आहे. चांगल्या कंपनीचे पाच-दहा शेअर घेऊन वर्षानुवर्षे सांभाळणारा सावध शिक्षक एकही पैसा दलाली न देता व्यवहार करीत होता. त्याचा खर्च उचलीत होता तो ऑप्शनमध्ये दिवसाला दहा वेळा उतरणारा तरुण. तो तरुण कदाचित त्याच शिक्षकाच्या वर्गातून बाहेर पडलेला असेल. एकाची काटकसर दुसऱ्याच्या उतावीळपणावर पोसली जात होती, आणि दोघांनाही याचा पत्ता नव्हता.

हा तरुण कोण, याचे चित्र सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीतून स्पष्ट दिसते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांचे सौदे करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाख रुपयांपेक्षा अधिक नफा केवळ एक टक्का लोकांच्या पदरी पडला. २०२३-२४ मध्ये असे सौदे करणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोक तिशीच्या आतील होते. तीन चतुर्थांशांहून अधिक जणांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांपेक्षा कमी होते, आणि ७२ टक्क्यांहून अधिक लोक देशातील पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे होते. याचा अर्थ, हा दलाल स्ट्रीटवरील सटोडियांचा खेळ राहिलेला नाही. तो तालुक्याच्या गावी, वसतिगृहाच्या खोलीत, हातातील फोनवर चालू आहे.

त्याच पाहणीत खर्चाचाही हिशोब आहे. २०२३-२४ मध्ये या सौद्यांच्या निव्वळ खर्चापोटी प्रत्येक व्यक्तीने सरासरी सुमारे २६ हजार रुपये मोजले. तीन वर्षांत सर्वांनी मिळून मोजलेली रक्कम ५० हजार कोटींच्या घरात जाते. तिच्यातील ५१ टक्के दलालांकडे गेले व २० टक्के शेअरबाजारांच्या शुल्कात. सौद्यात जिंको वा हरो, हा खर्च चुकत नाही. वर्षाला पाच लाखांहून कमी मिळविणाऱ्याने २६ हजार रुपये केवळ दारावरच्या तिकिटासाठी मोजावेत, याला गुंतवणूक म्हणावयाचे काय?

शुल्क आणि सूट यांचा हा तंटा केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील कित्येक शेअरबाजार एका बाजूच्या दलालाकडून शुल्क घेतात आणि दुसऱ्या बाजूच्या दलालास, त्याने सौदे आपल्याकडे आणावेत म्हणून, उलट पैसे देतात. २००५ साली तेथील नियामकाने या शुल्कावर शंभर शेअरमागे ३० सेंटची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा १० सेंटवर आणण्याचा आणि सौदा होतानाच शुल्क व सूट किती हे ठरविता आले पाहिजे असा निर्णय त्याने घेतला. महिनाअखेरच्या उलाढालीवर ठरणारी सूट गिऱ्हाइकाच्या नजरेआड राहते, ही जाणीव तिकडेही त्याच सुमारास झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता नव्या व्यवस्थेचे फलित पाहू. लाख रुपयांच्या प्रीमियमची खरेदी व तितक्याच रकमेची विक्री धरली, तर जुन्या वरच्या दराशी तुलना करता दोन्ही मिळून शुल्कात २८ रुपये ९४ पैशांची बचत होते. परंतु नेमक्या त्याच दिवसापासून, १ ऑक्टोबर २०२४ पासून, केंद्र सरकारने ऑप्शनच्या विक्रीवरील व्यवहार कर ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का केला. लाखामागे ६२ रुपये ५० पैशांचे शंभर रुपये झाले. एका हाताने मिळालेले २९ रुपये दुसऱ्या हाताने साडेसदतीस होऊन गेले. ऑप्शनच्या गिऱ्हाइकाला सुधारणेचा आनंद झाला नसेल तर नवल नाही.

दलालांनीही आपापला मार्ग शोधला. एंजल वन या पेढीने १ नोव्हेंबर २०२४ पासून शेअर घेऊन ठेवण्याच्या व्यवहारावर २० रुपये किंवा ०.१ टक्का, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी दलाली सुरू केली. झिरोधाने ती शून्यच ठेवली. वरवर पाहता दुसरा निर्णय अधिक उदार वाटेल. पण दलालाची कचेरी, नोकर व यंत्रे फुकट चालत नाहीत. एका गिऱ्हाइकाकडून खर्च घ्यावयाचा नाही असे ठरले की तो दुसऱ्याकडून घेणे आले. लासलगावचा प्रश्नही अखेर हाच होता. अडत खरेदीदाराने भरावी असा नियम केला, तरी बोली लावताना तो ती रक्कम मनात धरणारच. कागदावर भार कोणाच्या नावे आहे यावरून तो कोणाच्या खांद्यावर आहे हे ठरत नाही. ज्याची घासाघीस करण्याची शक्ती कमी, त्याच्याकडे तो घरंगळत जातो.

म्हणून सेबीच्या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो, पण तो पुरेसा आहे असे मानीत नाही. दलालाचे दुहेरी हित त्याने एकेरी केले, कागदावरील नाव खरे केले, लहान व मोठ्या दलालास एका पायरीवर आणले. त्यापाठोपाठ नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक बाजारास एकाच निर्देशांकाचे साप्ताहिक ऑप्शन ठेवण्याची मर्यादा घातली गेली आणि वायदे-ऑप्शनच्या सौद्याचा किमान आकारही वाढविला गेला. तरीही २०२४-२५ मध्ये व्यक्तींचा निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींवर गेला आणि तोट्यात राहिलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते, असे सेबीच्याच जुलै २०२५ च्या पाहणीत आढळले. तात्पर्य, दर कमी झाल्याने सौद्यांचा मोह कमी होत नाही. शेअरबाजार ही आज नफा मिळविणारी कंपनी आहे, आणि तिचा नफा सौद्यांच्या उलाढालीबरोबर वाढतो. पंचानेच तिकीटविक्रीच्या उत्पन्नावर जगावे, अशी ही स्थिती आहे.

यावर उपाय अवघड नाही. सौद्याचे बटण दाबण्यापूर्वी, वर्षाच्या आरंभापासून आपण दलाली, शुल्क व कर यांपोटी एकूण किती भरले आणि निव्वळ किती कमावले वा गमावले, ही दोन आकड्यांची ओळ गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत दिसली पाहिजे. ऑप्शनच्या सौद्यातून फुकट सेवेचा खर्च भरून काढणाऱ्या पेढ्यांनी तसे जाहीर केले पाहिजे. शिक्षकांनीही एवढे करावे: चक्रवाढ व्याज शिकविताना एक तास काँट्रॅक्ट नोट फळ्यावर मांडून दाखवावी. टक्केवारीचे उदाहरण म्हणून तिच्याइतके जिवंत दुसरे सापडणार नाही.

लाखामागे चौदा रुपये कमी झाले म्हणून ज्याने चौदा सौदे जास्त केले, त्याचा यात फायदा झालेला नाही. आणि आपली दलाली शून्य आहे म्हणून निश्चिंत असलेल्या सावध माणसानेही, आपल्या वाट्याचे पैसे कोणाच्या खिशातून जात आहेत, याची चौकशी करावयास हवी.