‘-शी’ आणि ‘सोबत’ : शब्दांच्या विभक्ति-अपेक्षेविषयी

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला काही जोड्या पाठ कराव्या लागतात. ‘डिपेंड’पुढे ‘ऑन’, ‘अफ्रेड’पुढे ‘ऑफ’, ‘मॅरीड’पुढे ‘टू’, ‘गुड’पुढे ‘अ‍ॅट’. या जोड्या केवळ अर्थावरून उलगडत नाहीत. ‘अ‍ॅट’चा स्थलवाचक अर्थ कितीही घोकला, तरी गणितात हुशार असणाऱ्या मुलाला ‘गुड अ‍ॅट’ का म्हणावे, हे त्यातून निष्पन्न होत नाही. क्रियापद अथवा विशेषण आपले अव्यय स्वतःच ठरवून घेते आणि शिकणाऱ्याने ते मुकाट्याने मान्य करावयाचे असते. म्हणूनच इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत अशा जोड्यांच्या याद्या असतात, रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्न असतात आणि चुकलेल्या अव्ययाला गुण कापले जातात.

प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र इंग्रजी नाही. शब्दाचा जो धर्म आपण इंग्रजीत पाठ करतो, तो मराठी शब्दांतही तितकाच दृढ आहे. परंतु मराठीच्या वर्गात तो कोठेच शिकवला जात नाही. या उपेक्षेची किंमत आपण भाषेच्या शोभेने नव्हे, तर अर्थाच्या नेमकेपणाने मोजत आहोत, असे माझे मत आहे.

मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. ‘कंटाळणे’ हे क्रियापद ‘-ला’ मागते, ‘भांडणे’ ‘-शी’ मागते, ‘विश्वास ठेवणे’ ‘-वर’ मागते आणि ‘वाट पाहणे’ ‘-ची’ मागते. आपण वाघाला भितो, पण आपल्याला भीती वाटते ती वाघाची. म्हणजे क्रियापदाचे नाम झाले की मागणीही बदलते. विशेषणांचेही तसेच आहे. माणूस एखाद्या कलेत निपुण असतो, सन्मानाला पात्र असतो, तत्त्वाशी एकनिष्ठ असतो, हक्कापासून वंचित असतो आणि प्रेमाचा भुकेला असतो. यांतील प्रत्ययांची अदलाबदल करून पाहिली, तर कान तत्काळ नकार देतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकाच क्रियापदाचा प्रत्यय बदलला की अर्थ बदलतो. आई मुलाशी बोलली, यात संवाद आहे. आई मुलाला बोलली, यात बोलणी आहेत. मुलावर रागावली, यात मनातील भाव आहे. मुलाला रागावली, यात तो भाव तोंडावाटे बाहेर पडला आहे. ‘मी मित्राला भेटलो’ या वाक्यात बहुधा हेतू असतो. ‘मला मित्र भेटला’ यात योगायोग असतो. इंग्रजीने अशा ठिकाणी वेगळे क्रियापद किंवा वेगळे अव्यय योजले असते. मराठी केवळ एका प्रत्ययावर हे सारे तोलून धरते.

आपल्या परंपरेला ही गोष्ट अपरिचित होती असे नाही. पाणिनीने भयवाचक धातूंसाठी पंचमीची आणि रुचणे व रागावणे या अर्थांच्या धातूंसाठी चतुर्थीची स्वतंत्र व्यवस्था लावली. म्हणजे धातूच्या अर्थाकडून विभक्तीकडे जाण्याची वाट त्याने मोकळी ठेवली. मराठीत दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत विभक्तिविचार पुष्कळ झाला, कारकार्थ आणि उपपदार्थ यांची चर्चाही झाली. परंतु अध्यापनात त्यातून जे उतरले, ते प्रत्ययाकडून अर्थाकडे जाणारे कोष्टक. तृतीयेचे अर्थ कोणते, सप्तमीचे कोणते, हे विद्यार्थी सांगू शकतो. अमुक क्रियापद कोणता प्रत्यय मागते, हा उलट दिशेचा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. विभक्ती रूपावरून मानाव्यात की अर्थावरून, या वादात आपली बरीच शक्ती खर्च झाली आणि शब्दागणिक करावयाची नोंद मागे राहिली.

ती नोंद खरे पाहता कोशाची आहे. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या आणि पुढे १८५७ साली सुधारून निघालेल्या कोशात, नामाबरोबर कोणते क्रियापद चालते आणि संबंधित नामाची षष्ठी होते काय, याचे संक्षिप्त निर्देश अनेक ठिकाणी आढळतात. हे निर्देश कोणासाठी होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मराठी शिकू पाहणाऱ्या परकीयाला त्यांची गरज होती. इंग्रजीचा इतिहासही असाच आहे. ए. एस. हॉर्नबी यांनी क्रियापदांचे वाक्यसाचे क्रमवार देणारा कोश सिद्ध केला तो जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना. १९४२ साली तो टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो जगापुढे आणला. घरातल्या माणसाला जे आपोआप कळते, त्याची नोंद बाहेरचा माणूस मागतो तेव्हाच होते. इंग्रजीला असे विद्यार्थी जगभर मिळत राहिले. मराठीला ते कंपनीच्या अमदानीत मिळाले. त्यानंतर आपण असे धरून चाललो की, मराठीचा प्रत्येक विद्यार्थी घरातलाच आहे.

हे गृहीतक किती पोकळ आहे, हे पाहण्यास नाशिक जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. बागलाण, मालेगाव, कळवणकडून येणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते. तेथे ‘त्याला’ऐवजी ‘त्याले’ आणि ‘घरात’ऐवजी ‘घरमा’ असते. सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांतील आदिवासी विद्यार्थी आपल्या कोकणा, भिल्ली वा अन्य बोलीची व्यवस्था घेऊन येतात. मालेगावातील मुलीची घरची भाषा उर्दू असू शकते. या सर्वांच्या बोलीला स्वतःची नियमबद्ध व्यवस्था आहे. तीत अशुद्ध असे काही नाही. मात्र प्रमाण मराठीची व्यवस्था वेगळी आहे आणि उत्तरपत्रिका तपासली जाते ती तिच्या मापाने. ‘कानाला बरे लागते ते बरोबर’ हा ज्यांचा कान प्रमाण मराठीत घडला त्यांच्या सोयीचा नियम आहे. जे शिकवलेच नाही त्याचे गुण कापणे हा शैक्षणिक अन्याय होय. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विचार केला, तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. दूरशिक्षणातील विद्यार्थ्याच्या शेजारी बहुतेक वेळ शिक्षक नसतो. पुस्तकातील वाक्य हाच त्याचा कान असतो.

आता प्रमाण मराठीच्या लेखनात काय घडत आहे ते पाहू. सर्वांत ठळक उदाहरण ‘-शी’चे आहे. ‘त्याच्याशी बोललो’, ‘तिच्याशी लग्न केले’, ‘त्यांच्याशी भांडलो’ या ठिकाणी ‘त्याच्यासोबत’, ‘तिच्यासोबत’, ‘त्यांच्यासोबत’ असे सर्रास लिहिले जाते. इंग्रजीतील ‘विथ’ला ‘सोबत’ हा एकच प्रतिशब्द ठरवून टाकला की हे होणारच. हिंदीतील ‘के साथ’चाही त्यास हातभार लागला असावा. वस्तुतः सोबत म्हणजे संगत, साथ. ती मित्राची असते.

इतिहासातील एक उदाहरण घेऊ. १७९० ते १७९२ या काळात टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने एकत्र होते. पुढे १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी त्याच निजामाचा पराभव केला. पहिल्या प्रसंगी मराठे निजामासोबत लढले. दुसऱ्या प्रसंगी ते निजामाशी लढले. अवघ्या तीन वर्षांत मित्राचा शत्रू झाला आणि ही सारी घडामोड मराठी एका प्रत्ययाने सांगू शकते. दोन्हीकडे ‘सोबत’ लिहिणारा विद्यार्थी इतिहास चुकला की भाषा, हे परीक्षकाने कसे ओळखावे? इंग्रजीच्या ‘विथ’मध्ये ही संदिग्धता मुळातच आहे; आपल्या भाषेत ती नव्हती. ती आपण आयात केली आहे.

दुसरे उदाहरण ‘मदत’चे. ‘मला मदत करा’ असे म्हणण्याऐवजी ‘माझी मदत करा’ असे हिंदीच्या वळणाचे वाक्य आता छापील मजकुरातही दिसते. मराठीत षष्ठी मदत करणाऱ्याची असते आणि ‘-ला’ मदत घेणाऱ्यास लागतो. ‘शेजाऱ्यांची मदत झाली’ म्हणजे शेजाऱ्यांनी ती केली. ‘शेजाऱ्यांना मदत झाली’ म्हणजे त्यांना ती मिळाली. षष्ठी दोघांनाही लावली की देणारा कोण आणि घेणारा कोण, हे वाक्याबाहेर शोधावे लागते.

भाषा बदलतेच, मग हा आग्रह कशासाठी, असा आक्षेप येथे येईल. तो रास्त आहे. प्राचीन मराठीत ‘-सी’ हा प्रत्यय आज ‘-ला’ जे काम करतो तेही करीत होता. म्हणजे ‘-शी’चे आजचे क्षेत्र अनादी नाही. वऱ्हाडा-नागपूरकडच्या बोलण्यात ‘सोबत’ अधिक मोकळेपणाने येते, तेही चूक नव्हे. ‘मंत्र्यांसोबत चर्चा झाली’ या वाक्याने अर्थाचे काही बिघडत नाही. ते रूढ झाले तर होऊ द्यावे. माझा निकष एवढाच आहे की, बदलामुळे एखादा अर्थभेद लोपत असेल, तर त्याचा निर्णय जाणतेपणी व्हावा, अजाणतेपणी नव्हे. जो भेद कधी दाखवलाच गेला नाही, तो राखण्याची अपेक्षा कोणाकडून करावी?

मराठीच्या अध्यापकाला या कामी इंग्रजीचा वर्ग साहाय्यभूत ठरू शकतो. मराठी विद्यार्थी ‘मॅरीड विथ’ लिहितो, ‘अँग्री ऑन’ लिहितो, ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. इंग्रजीच्या दृष्टीने या चुका आहेत. मराठीच्या दृष्टीने त्या साक्षी आहेत : ‘-शी लग्न’, ‘-वर रागावणे’, ‘-विषयी चर्चा’ ही व्यवस्था त्याच्या मनात जिवंत आहे आणि परभाषा लिहितानाही ती काम करते आहे. अशा वाक्यांचे संकलन करून त्यामागची मराठी रचना शोधणे हा पदव्युत्तर वर्गाला सहज झेपणारा प्रकल्प आहे.

पुढचे पाऊलही आवाक्यातले आहे. नित्य वापरातील दोनशे क्रियापदे आणि शंभर विशेषणे घ्यावीत. प्रत्येकापुढे त्याला लागणारा प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय, प्रत्ययभेदाने होणारा अर्थभेद आणि विद्यार्थ्यांच्या बोलीतील समांतर रचना नोंदवावी. बोलीचा रकाना शोभेचा नसावा. अहिराणी बोलणारा विद्यार्थी तेथे भाषेचा जाणकार म्हणून बसेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. प्राचीनतेचे पुरावे मांडण्यात आपण बरीच वर्षे घालविली. आजच्या मराठीचे क्रियापद काय मागते, याची यादी मात्र अद्याप आपल्या वर्गात नाही. ती करण्यास कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. एक वही, एक वर्ग आणि चुकीकडे कुतूहलाने पाहणारा अध्यापक एवढे पुरे आहे.